इतर हक्कातली बाई

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर खातेदाराच्या नावाच्या उजव्या अंगाला 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. गावात त्याला सगळे 'इतर हक्क' म्हणतात. सोसायटीच्या कर्जाचा बोजा त्यात चढतो, विहिरीतला हिस्सा त्यात लिहितात. आणि बायका त्यात लिहितात. मेलेल्या खातेदाराची विधवा, त्याच्या मुली, कधी त्याची म्हातारी आई. मुख्य रकान्यात थोरल्या मुलाचं नाव, पुढं 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मुलगा नसला तर दिराचं. आणि ज्या बाईनं त्या रानात जन्म काढला, ती सोसायटीच्या बोजाखाली, जागा उरेल तिथं.

मी 1984 साली तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि सोलापूर जिल्ह्यातच मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. अशा नोंदी मी स्वतःच्या हातानं धरल्या आहेत आणि पुढं मंजूरही केल्या आहेत. कुणी पैसे दिले म्हणून नव्हे. तशी रीतच होती, वरिष्ठांनी तेच शिकवलं होतं आणि समोर उभ्या असलेल्या बाईनं कधी विचारलं नव्हतं. बहुतेक वेळा ती समोर नसायचीच. तिचा दीर यायचा, सासरा यायचा, गावचे चार जण यायचे. 'तिची हरकत नाही, भाऊसाहेब' म्हणायचे. तिचा अंगठा घरून उमटून यायचा.

हे आज लिहायचं कारण असं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला : नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत आणि तिला समारंभातून वगळायचं नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. ज्या राजानं 1917 साली आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, त्याच्या मुलखातून हा ठराव निघाला याचा मला अभिमान वाटला. ही मोहीम ज्यांनी गावोगाव नेली ते प्रमोद झिंजाडे आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याचे. 'माझ्या मागं माझ्या बायकोवर हे प्रकार करू नयेत' असं त्यांनी हयातीतच स्टँप पेपरवर लिहून ठेवलं. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पुढं कितीतरी गावांनी ठराव केले. वेशीवर, पंचायतीच्या भिंतीवर 'विधवा प्रथामुक्त गाव' अशा पाट्या लागल्या.

या ठरावांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. ज्यानं बांगड्या फुटताना पाहिल्या आहेत, तो नावं ठेवणार नाही. मी पाहिल्या आहेत.

माझी धाकटी बहीण बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. मेहुणे बाजारावरून मोटारसायकलवर परत येत होते, अंधारात दिवे न लावलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळले. दहाव्याला नदीवर आम्ही सगळे होतो. तिच्या नणंदेनं तिचा हात दगडावर धरला आणि दुसऱ्या एका म्हातारीनं वरून धोंडा घातला. हिरव्या बांगड्या होत्या, काचेच्या, पंचमीला भरलेल्या. एक काच मनगटात घुसली. रक्त आलं तसं कुणीतरी म्हणालं, 'हळद लावा.' तेवढ्यात दुसरं कुणीतरी म्हणालं, 'आता हिला हळद कशी लावायची?' आणि त्या बायका खरोखरच थांबल्या. तिचा सात वर्षांचा मुलगा वाळूत बसून फुटलेले तुकडे वेचत होता. शेवटी मी माझा रुमाल बांधला. बोललो काही नाही. सरकारी नोकर, शिकलेला माणूस, गावात चार लोक ज्याचं ऐकतात असा तिचा थोरला भाऊ मी, आणि रुमाल बांधून गप्प बसलो.

पण खरा घाव तिला नदीवर बसला नाही, चावडीवर बसला.

मेहुण्यांच्या नावावर चार एकर होती. तेराव्यानंतर पंधरा दिवसांत दिरानं वारसाची वर्दी दिली. नोंद झाली ती अशी : दोन्ही मुलांची नावं, त्यांच्यापुढं 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणून चुलत्याचं नाव, आणि माझ्या बहिणीचं नाव इतर हक्कात. बाप गेल्यावर अज्ञान मुलांची नैसर्गिक पालक आई असते, हे 1956 चा कायदा सांगतो. विधवा ही पहिल्या वर्गाची वारस असते, मुलांच्या बरोबरीची, हेही 1956 चाच कायदा सांगतो. त्या तलाठ्याला ते ठाऊक होतं. मलाही होतं. बहिणीनं माझ्याकडं निरोप धाडला, 'दादा, उताऱ्यावर माझं नाव खाली का?' मी म्हणालो, 'आत्ता भांडण नको. दीर सांभाळतोय ना. पोरं मोठी झाली की बघू.'

दीर सांभाळत होता, म्हणजे कसा, तेही सांगतो. ती स्वतःच्या चार एकरात खुरपायला जायची आणि आठवड्याच्या बाजारादिवशी जाऊ तिच्या हातावर मजुरी ठेवायची. बाकीच्या बायांना मिळायची तेवढीच. मुलीला तालुक्याच्या कॉलेजात घालायचं म्हणून ती सोसायटीत कर्ज मागायला गेली, तर सचिवानं उतारा पाहिला आणि म्हणाला, 'बाई, तुम्ही खातेदार नाही.' पीकविमा आला तो दिराच्या खात्यावर. कर्जमाफी आली तीही दिराच्याच. नोंद दुरुस्त व्हायला पुढं अकरा वर्षं गेली. प्रांतांकडं अपील, उशीर का झाला म्हणून माफीचा अर्ज, तारखा, साहेबांच्या बदल्या, पुन्हा तारखा. नोंद धरायला एक दिवस लागला होता.

म्हणून माझं म्हणणं आहे की हेरवाडचा ठराव अर्धा आहे. तो चुकला नाही, फसला नाही, पण अर्धा आहे. आणि उरलेला अर्धा झाल्याशिवाय पहिला अर्धाही टिकायचा नाही. कुंकू ठेवू दिलं आणि जमीन काढून घेतली, तर ते कुंकू लावून ती बाई जाणार कुठं?

आपण या प्रथांना 'जुन्या समजुती' म्हणून बाजूला काढतो. कालबाह्य झाल्या आहेत, शिक्षण वाढलं की जातील, असं म्हणतो. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी जे पाहिलं ते वेगळं आहे. या समजुतींचा जमिनीशी फार जवळचा हिशेब आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 149 प्रमाणं हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची असते. आणि रीत काय सांगते? नवरा गेलेल्या बाईनं वर्षश्राद्ध होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, सकाळी कुणाला तोंड दाखवायचं नाही, चार माणसांत यायचं नाही. उशीर झाला म्हणून हक्क काही बुडत नाही. पण त्या वर्षात तिच्याऐवजी दुसरा कुणी वर्दी देतो. फेरफाराची नोटीस निघते ती त्याच्याच घरी लागते. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही म्हणून नोंद मंजूर होते. ती घरात कोपऱ्यात बसलेली असताना बाहेर तिचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं ते ठरून जातं. तिला अपशकुनी ठरवणं आणि तिला चावडीपासून लांब ठेवणं ही दोन कामं एकाच रीतीनं होतात. हे कुणी बसून आखलेलं नसेल, पण फायदा कुणाचा झाला ते प्रत्येक गावाच्या दप्तरात लिहिलेलं आहे.

कायद्यातही हेच झालेलं आहे. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचं आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात असं होतं की विधवेनं पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपेल, जणू ती मेली असं धरून. म्हणजे एका हातानं संसार दिला आणि दुसऱ्या हातानं भाकर काढून घेतली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं हे चित्र पालटलं. विधवेला वारसानं मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली आणि पुढं तिनं लग्न केलं तरी ती परत जात नाही. 1856 चा तो कायदाच 1983 मध्ये रद्द झाला. पण गावात आजही कुणालाही विचारा. 'दुसरं लग्न केलं की हिस्सा जातो' हेच उत्तर येईल. ग्रामसेवक हेच सांगतो, पोलीस पाटील हेच सांगतो, कधी वकीलसुद्धा गप्प बसतो. रद्द झालेला कायदा गावाच्या तोंडात जिवंत आहे आणि चालू कायदा कपाटात आहे.

या बाबतीत मला आपल्याच इतिहासातली एक गोष्ट फार मोलाची वाटते, आणि तिची आठवण आपण पुरेशी ठेवत नाही. 1890 च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं न्हावी समाजाची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. विधवेच्या डोक्यावरचे केस उतरवायचा निर्णय त्यांचा नव्हता. तो शास्त्र्यांचा, घरच्या कर्त्या पुरुषांचा. त्यांच्या हातात फक्त वस्तरा होता आणि त्यातून मिळणारे चार पैसे. तरी त्यांनी वस्तरा खाली ठेवला. 'आम्हाला काय, आम्ही सांगितलेलं काम करतो' असं ते म्हणाले नाहीत.

मी ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा नोकरीत होतो, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या हातात लेखणी होती. पोटासाठी चार पैशांवर अवलंबून असलेल्या माणसांनी जे केलं, ते दरमहा पगार घेणाऱ्या आम्ही केलं नाही. तलाठी, मंडळ अधिकारी, दस्तलेखक, वकील, सोसायटीचे सचिव, बँकेचे अधिकारी, या सगळ्यांच्या हातात आजचा वस्तरा आहे. बाई समोर आल्याशिवाय नोंद धरणार नाही, तिला तिचा हक्क तोंडानं सांगितल्याशिवाय हक्कसोडपत्र लिहिणार नाही, कोऱ्या कागदावरच्या जबाबावर नाव कमी करणार नाही, एवढं जरी या मंडळींनी ठरवलं तरी नवा कायदा लागणार नाही. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो. घरी अंगठा घेऊन आणलेल्या जबाबाला कवडीची किंमत नाही. हे नियम आजही आहेत. फक्त पाळायचे आहेत.

कुणी म्हणेल, जमीन बाईच्या नावावर करायची ही शहरी माणसांची कल्पना. मुळीच नाही. या महाराष्ट्रात ती कल्पना शेतकऱ्यांनी स्वतः राबवली आहे. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. लाखांनी बायका आल्या होत्या. आमच्या भागातूनही गाड्या भरून गेल्या होत्या आणि परत आलेल्या बायकांच्या बोलण्यातला फरक मी चावडीत बसून ऐकला आहे. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. नवऱ्यानं स्वतःच्या राजीखुशीनं, जिवंतपणी, जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करायचा. शंभरावर शेतकऱ्यांनी असं केलेल्या गावांचा गौरव व्हायचा. 1992 मध्ये सरकारनं त्यासाठी परिपत्रकही काढलं. माझ्या सज्जात एका गावात अशा नोंदी मी धरल्या. त्या दिवशी चावडीत एरवी कधी न दिसणाऱ्या बायका आल्या होत्या, नवी लुगडी नेसून. एका म्हाताऱ्यानं दोन एकरातली एक एकर बायकोच्या नावावर केली आणि मला म्हणाला, 'भाऊसाहेब, चाळीस वर्षं हिनंच कसलं, माझं नुसतं नाव होतं.' त्याची सही होत नव्हती. त्यानं अंगठा उठवला, पण तो स्वतः चालत येऊन.

ते परिपत्रक नंतर आमच्याच कपाटात गेलं. आज तरुण तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, लक्ष्मीमुक्ती म्हणजे काय विचारलं तर तो लाडक्या बहिणीची एखादी पोटयोजना समजेल. दोष त्याचा नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही.

लाडक्या बहिणीचं नाव निघालंच आहे तर सरकारच्या हिशेबाबद्दलही बोलतो. जुलै 2024 पासून राज्यात वर्षाला अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिना 1,500 रुपये मिळू लागले. चांगलं झालं. पण विधवांसाठी त्याच्या कितीतरी आधीपासून संजय गांधी निराधार योजना आहे आणि तीत उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला 21,000 रुपये. महिन्याला 1,750. रोजगार हमीची मजुरी 2025-26 मध्ये दिवसाला 312 रुपये होती. त्या मजुरीनं एखादी विधवा 68 दिवस कामावर गेली की ती मर्यादा ओलांडते. एक सरकारी कायदा तेव्हा तिच्या घराला 100 दिवस कामाची हमी देत होता आणि दुसरी सरकारी योजना म्हणत होती, 68 दिवस काम केलंस तर तू निराधार नाहीस. मग काय होतं? तिला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, आणि तो 21,000 च्या आतला हवा असतो. सगळ्यांना ठाऊक असतं की एवढ्यात कुणी जगत नाही. तरी ती खोटं सांगते, तलाठी खोटा अहवाल देतो, तहसीलदार सही करतात. सुरुवातीलाच खोटं बोलायला लावून आपण तिला मदत देतो. ज्या बाईला असं खोटं बोलवत नाही, ती दारातून परत जाते. अशी एक बाई माझ्यासमोरून परत गेली आहे. 'दादा, मी पंचवीस-तीस हजाराची मजुरी करते, देवाशपथ कमी कसं सांगू?' म्हणाली होती. लाडक्या बहिणीला अडीच लाख आणि निराधार विधवेला एकवीस हजार, हा फरक कोणत्या न्यायानं? तो तातडीनं काढून टाकला पाहिजे. निदान दोन्ही मर्यादा सारख्या करायला कसली समिती लागत नाही.

शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर त्याच्या घराला एक लाखाची मदत मिळते, त्यातले 30,000 रोख आणि 70,000 ठेव. ही रक्कम 2006 साली ठरली. तीही प्रकरण 'पात्र' ठरलं तर. शेती नावावर हवी, कर्ज हवं, तगादा हवा. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज सावकाराच्या चिठ्ठीवर, आणि जाब विचारला जातो तो त्या बाईला. दोन दशकांत सोन्याचा भाव कुठं गेला, खताची गोणी कुठं गेली, आणि मेलेल्या शेतकऱ्याच्या विधवेचा भाव मात्र एक लाखच राहिला.

एप्रिल 2023 मध्ये विधवांच्या नावापुढं 'गंगा भागीरथी' लावावं असा प्रस्ताव मंत्रालयात चर्चेला आला होता. टीका झाली आणि तो तिथंच थांबला. पत्रांवर पूर्वी 'गं. भा.' लिहायचे, ते मी पाहिलं आहे. सन्मान म्हणून लिहायचे, पण पत्र उघडायच्या आधी पोस्टमनपासून सगळ्यांना कळायचं की ही बाई विधवा आहे. पुरुषाची बायको गेली तर त्याच्या नावापुढं काय लावतात? काही नाही. बाईच्या नावापुढंही काही लावायचं नाही. कोविडनंतर हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एकल महिला' हा शब्द गावोगाव नेला, तरुण विधवांच्या प्रश्नांवर समित्या उभ्या केल्या. तो शब्द मला साधा आणि सरळ वाटतो.

आता ज्या हरकती मी आयुष्यभर ऐकल्या त्यांच्याकडं वळतो. पहिली हरकत, 'बाईच्या नावावर जमीन केली तर ती विकून माहेरी जाईल.' माझ्या सगळ्या नोकरीत कर्जापायी, दारूपायी, लग्नातल्या मानपानापायी जमिनी विकल्या गेल्याच्या नोंदी मी धरल्या. विकणारे खातेदार पुरुष होते. तेव्हा कुणी म्हणालं नाही की पुरुषाच्या नावावर जमीन ठेवू नये. दुसरी हरकत, 'यानं घरं फुटतात.' घर फुटतं ते हिस्सा दिल्यानं नाही, हिस्सा दाबल्यानं. ज्या घरांनी वेळेवर सरळ नोंदी केल्या, ती घरं माझ्याकडं भांडण घेऊन परत आली नाहीत. तिसरी हरकत, 'बायकाच बायकांच्या बांगड्या फोडतात, पुरुषांचा काय दोष?' हे खरं आहे की धोंडा बाईच्या हातात होता. पण धोंडा घालणारी ती म्हातारी स्वतः बावीस वर्षांची असताना विधवा झाली होती, आणि तिला कुणी जमीन दिली नव्हती. भावकीत आपली जागा टिकवायची तर भावकीची रीत पाळावी लागते, हे ती शिकली होती. ज्या बाईच्या नावावर दोन एकर आहेत, तिचा हात दगडावर धरायला कुणी सहजासहजी पुढं येत नाही. हे मी तर्कानं सांगत नाही, पाहून सांगतो.

भावांबद्दलही बोललं पाहिजे, आणि इथं मला माझ्यापासून सुरुवात करावी लागेल. आमचे वडील वारले तेव्हा बहिणीचं लग्न होऊन गेलं होतं. वडिलांच्या जमिनीची वारस नोंद झाली आणि महिन्याभरात तिचा जबाब घेऊन तिचं नाव आम्ही कमी करून घेतलं. नोंदणीकृत हक्कसोडपत्रसुद्धा नाही, नुसता जबाब. मी तलाठी होतो, तो जबाब बेकायदा आहे हे मला माहीत होतं. तिला साडी घेतली. ती हसत सही करून गेली, 'दादा, मला कशाला जमीन, माहेर राहू दे म्हणजे झालं.' त्या सहीनंतर काही वर्षांतच तिच्या सासरी ते सगळं घडलं. तेव्हा तिच्या पायाखाली ना सासरची जमीन होती ना माहेरची. दिरानं जे केलं त्याला मी आयुष्यभर अन्याय म्हणत आलो. मी जे केलं त्याला काय म्हणायचं? दिवाळीला साडी, राखीला पाकीट आणि मध्ये वर्षभर तिच्या हक्काची जमीन माझ्या नावावर. विधवेच्या हक्काबद्दल भाषण करणाऱ्या प्रत्येक भावानं आधी हा प्रश्न स्वतःला विचारावा. सासरी तिला जागा मिळावी असं वाटत असेल तर माहेरी तिची जागा ठेवा. जिच्यामागं माहेरची दोन एकर उभी आहे, तिच्याशी सासरचे लोक वेगळ्या आवाजात बोलतात.

2025 मध्ये महसूल खात्यानं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. बुलढाण्यात सुरुवात होऊन एप्रिलपासून ती राज्यभर गेली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची नावं लावायची. मला ही मोहीम मनापासून पटली, कारण मेलेल्या आजोबांच्या नावावर चालणारे उतारे हे आमच्या खात्याचं जुनं दुखणं आहे. पण या मोहिमेत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. मयताचं नाव कमी करताना बाईचं नाव कुठं चढतंय? घाईघाईनं, कोटा पुरा करायला केलेली चुकीची नोंद जुन्या नोंदीपेक्षा वाईट. जुनी नोंद निदान उघडी असते, नवी नोंद सगळं मिटलं असं सांगते.

म्हणून ज्या गावांनी हेरवाडसारखा ठराव केला आहे किंवा करणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे की ठरावात आणखी एक परिच्छेद घाला. गावात मृत्यूची नोंद झाली की ग्रामसेवकानं त्याची प्रत ग्राम महसूल अधिकाऱ्याला द्यावी. तेराव्याच्या आत नव्हे, पण तीन महिन्यांच्या आत त्यानं त्या घरी जावं, विधवेशी स्वतः बोलावं, सासऱ्या-दिरासमोर नव्हे, गावातल्या एखाद्या अंगणवाडी सेविकेच्या किंवा महिला सदस्याच्या समक्ष. वारस नोंद खातेदाराच्या रकान्यात व्हावी, मुलांची पालक म्हणून आईचं नाव लागावं. जमीन वडिलोपार्जित असेल आणि सासरा हयात असेल, तर मेलेल्या मुलाच्या हिश्श्यावर त्याच्या बायकोमुलांचा हक्क असतो, हे सासऱ्याला समजावून सांगावं. आणि दर ग्रामसभेत वाचून दाखवावं की या सहा महिन्यांत गावात किती मृत्यू झाले आणि किती विधवांची नावं कुठल्या रकान्यात लागली. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. बाकी काही लागत नाही. वेशीवरच्या पाटीचा रंग उन्हानं उडतो. फेरफार नोंद टिकते.

मी माझ्यापुरतं जे करायचं ते उशिरा केलं. गेल्या वर्षी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन विहिरीजवळची एक एकर मी बहिणीला बक्षीसपत्रानं दिली. तिच्या मनगटावर अजून तो व्रण आहे. सही करताना हात टेबलावर ठेवला तेव्हा दिसला. नोंद मंजूर झाल्यावर तिनं नव्या उताऱ्याची प्रत मागून घेतली आणि गाडीत बसून शांतपणे वाचली. तिचं नाव खातेदाराच्या रकान्यात आहे.

उतारा आता तालुक्याला जाऊन काढावा लागत नाही, मोबाइलवर दिसतो. आज घरी गेलात की आपल्या गटाचा उतारा काढा आणि आईचं, बहिणीचं, वहिनीचं नाव कुठल्या रकान्यात आहे ते पाहा. इतर हक्कात असेल तर दुरुस्तीचा अर्ज या आठवड्यात द्या.